पडद्याआडचे शब्द

बुकिंदो, उकेरेवे बेट
१४ ऑगस्ट १९८९

कोलेटाच्या बाबांना,

नमस्कार. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत, तिकडे दार-एस-सलाममध्ये तुमची तब्येत ठीक असेल. हे माझं चौथं पत्र. आधीची तीन मिळाली की नाही, ते तुम्ही कळवलं नाहीत. मिळाली असं धरूनच लिहिते.

कोलेटाचा पुढचा दात पडला. संत्र्यांना यंदा भाव नाही, झाडाखालीच सडतायत. कसावा सोलून खडकावर वाळत घातलाय, पण चार दिवस ऊन कोवळं आहे. तुमच्या बाबांची खाटही अंगणात काढून ठेवली आहे. वारा सुटला की डोक्याला गार लागतं, अजून सवय झालेली नाही.

मागच्या पत्रांत मी एकच गोष्ट मागितली होती. या आणि बाबांशी बोला. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची स्वाहिली पार गेली. जिच्यासाठी त्यांनी शाळेत चाळीस वर्षं छडी धरली, तिच्यातलं 'पाणी'सुद्धा त्यांना आठवेना. उरली ती लहानपणची, या बेटाची केरेवे. आणि घरात मी, पलीकडच्या मागूची, सुकुमा जमातीची बाई. लग्नाला नऊ वर्षं झाली, तुम्ही मला या भाषेतला एक शब्द शिकवला नाहीत. विचारलं की म्हणायचात, "काय करायचीय ती?"

तुमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सुनेनं सासऱ्याच्या झोपायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. दारात मी माझं नेसायचं जुनं खांग्याचं कापड पडद्यासारखं टांगलं आणि बाहेर चटईवर बसू लागले. सकाळ-संध्याकाळ तुमचे बोनिफासीकाका येऊन त्यांना अंघोळ घालत, कूस बदलत. मधले सगळे तास आम्ही दोघंच, एक आत आणि एक बाहेर. लागेल ते मी पडद्याखालून सरकवायची. त्यांचा डावा हात चालत होता.

शब्द मी शेजारच्या पुल्केरियाआजींकडून आणायची, मीठ उसनं आणावं तसे. त्या काही फुकट देत नव्हत्या. "अगं, तुम्हा सुकुमांची जीभ गुरं हाकायला केलेली. आमचे शब्द तिच्यावर बसायचे कसे?"

मी म्हटलं, "आजी, गुरं तरी आमचं ऐकतात. तुमचे मासे ऐकतात का?"

हसून त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "बस, घे लिहून." बाबांच्या पेटीतल्या खडूनं मी दाराच्या फळीवर लिहून घ्यायची. पाणी. गार. पुरे. दुखतंय का. कूस वळवू का. काकांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तरांच्या घरात फळीवर केरेवे! उठले तर पहिली छडी तुला."

पहिल्यांदा 'पाणी घ्या' म्हटलं. आतून खाटेच्या लाकडावर टक्, असा एकच आवाज. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा एक. चौथ्या वेळी दोन वाजले, टक् टक्. मग मला कळलं, एक म्हणजे चूक आणि दोन म्हणजे बरोबर. असं त्यांनी मला दोन महिने शिकवलं. पुल्केरियाआजींपेक्षा कडक होते, पण एकदाही कंटाळले नाहीत.

एक वाक्य मात्र फळीवर नव्हतं. संध्याकाळी, शाळेतून पोरं ओरडत घरी जायची त्या वेळेला, ते रोज म्हणायचे, "काढ. त्याच्या गळ्यातून काढ." शब्द एकेक करून कळले, अर्थ लागेना. काकांना वाटलं, गळ्यातली जपमाळ काचत असेल. त्यांनी ती काढून खिळ्याला अडकवली. दुसऱ्या दिवशी तेच. काका म्हणाले, "डोकं गेलंय, तू मनावर घेऊ नकोस."

शेवटी मी पुल्केरियाआजींना विचारलं. त्या मासे पसरत होत्या, हात थांबले. "तुझा एव्होदी तुला काही बोलला नाही?"

नाही. बेटावर काम नाही म्हणून घर सोडलं, एवढंच तुम्ही मला सांगितलं होतंत.

पुल्केरियाआजींचा मुलगा तुमच्याच वर्गात होता. त्यांनी सगळं सांगितलं. केरेवे बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात बाबा शिक्षा म्हणून दिवसभर लाकडी फळी अडकवायचे, ते. आणि तुमची आजी गेल्याचा निरोप वर्गात आला, तुम्ही तिला तिच्याच भाषेत हाका मारत रडलात, आणि बाबांनी उठून फळी तुमच्या गळ्यात घातली, तेही. तुम्ही तशीच गळ्यात घेऊन तिच्या मातीला गेलात. बाबांची आईच ना ती. त्यांनी त्या दिवशी डोळ्यांतून पाणी काढलं नाही, असं पुल्केरियाआजी म्हणाल्या.

हे मला आधी माहीत असतं तर पहिली तीन पत्रं मी वेगळी लिहिली असती. 'वडील आहेत तुमचे, या' असं नुसतं लिहिलं नसतं.

आता सांगते. गेल्या मंगळवारी काका बोटीनं म्वांझाला गेले होते. दुपारी पडद्याखालून पेज दिली आणि आत घरघर सुरू झाली. मी हाका मारल्या. पुल्केरियाआजी शेतावर होत्या. थोडा वेळ मी पडदा धरून उभी राहिले, हे खोटं कशाला लिहू? मग आत गेले.

त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड पुसलं. त्यांनी लाजून मान फिरवली नाही. श्वास लागला होता, तरी तेच म्हणाले. "काढ. त्याच्या गळ्यातून काढ." माझ्याजवळ होते तेवढ्या शब्दांत मी म्हटलं, "काढली, बाबा. एव्होदीनं काढली. चुलीत घातली." मला नीट म्हणता आलं की नाही कोण जाणे. त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर होता. त्यांनी दोनदा बोट आपटलं. की हात कापत होता? सहा दिवस तेच विचारते आहे मी स्वतःला, ठरत नाही. काकांची बोट धक्क्याला लागायच्या आधीच ते गेले.

काका तार करणार होते, मीच नको म्हटलं. तारेत एवढं मावलं नसतं. याबद्दल तुम्ही मला बोलू शकता. मी पडदा ओलांडला म्हणून इथल्या बायका पाणी भरताना माझ्यापासून घागर लांब ठेवतात. शुद्धीचं काय ते काका बघणार आहेत. दुखवट्याचे म्हणून कोलेटाचे आणि माझे केस उतरवले, तेव्हा काकाही माझ्याकडे बघत नव्हते.

पेटीत खडूच्या खाली जुन्या शर्टात गुंडाळलेली ती फळी सापडली. दोरी अजून शाबूत आहे. मी तुमच्या नावानं खोटं बोलले, चुलीत काहीच गेलेलं नाही. जाळायला हात उचलत नाही, ती माझी नाही.

दुखवटा संपेल त्या दिवशी घराचा कर्ता म्हणून बाबांच्या स्टुलावर थोरल्या मुलानं बसायचं असतं. काका म्हणतात, महिनाभर एव्होदीची वाट बघू, नाही आला तर मी बसेन. तोवर स्टूल भिंतीशी आहे आणि फळी त्याच्यावर ठेवली आहे. दारावरचं मी पुसलेलं नाही. कोलेटा वाचते ते मोठ्यानं. चुकली तर सांगायला आता घरात कोणी नाही.

पडद्याच्या आत जाऊन आलेली,
मिलेम्बे