सोनचाफा कोणाच्या हद्दीत

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजही आले. शेजारचे चिंतामण दीक्षित. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करतात, म्हणून मेंदीच्या कुंपणातल्या फटीतून माझ्या आवारात शिरायचा यांना परवाना! माझ्या सोनचाफ्याची फुलं परडीत भरली, वर खिडकीकडे बघून विचारलं, काय वहिनी, झोप झाली? मी यांची वहिनी नाही. आमचे हे गेले, तेव्हाच ते नातं संपलं.
विचारलं, कोणाच्या परवानगीने? तर म्हणाले, देवाच्या फुलाला कसली परवानगी!
हा ट्रेसपास आहे, सरळ घुसखोरी. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस रोज इंग्रजी प्रार्थनेत म्हणवून घेत, आमच्याशी ट्रेसपास करणाऱ्यांना आम्ही माफ करतो. त्या ओळीला मी नुसते ओठ हलवत असे.
संकल्प: महिन्याभरात हा प्रकार बंद.

७ फेब्रुवारी
भाचा मयुरेश वकील आहे. फोन केला. म्हणाला, आत्या, फौजदारीला वाईट हेतू लागतो. परडी घेऊन अनवाणी आलेल्या माणसाचा वाईट हेतू मी कुठून आणू? दिवाणी दावा मात्र होतो. नुकसान दाखवावं लागत नाही, पाऊल पडलं की पुरे. कुंपणावरून नुसता हात आत आला तरी पुरे. हुशार पोरगा. माझ्यावर गेलाय.
शेवटी म्हणाला, त्यापेक्षा त्यांना चहाला बोलव ना. आईवर गेलाय.

१२ फेब्रुवारी
द्वारका चौकातल्या पेंटरकडून पत्र्याचा बोर्ड करून आणला. 'खाजगी जागा. विनापरवानगी प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल.' सोनचाफ्यालाच तारेने बांधला, तोंड दीक्षितांकडे. कामाच्या सुलाबाई म्हणाल्या, लय भारी दिसतंय बाई, पण सकाळी त्यांच्या डोळ्याला चष्मा नाय राहत.

१३ फेब्रुवारी, सकाळी ६.१५
चष्मा लावून आले. बोर्ड मोठ्याने वाचला. अक्षर छान आहे हो वहिनी, म्हणाले. मग त्यालाच परडी अडकवून दोन्ही हातांनी फुलं तोडली.

२ मार्च
फटीत बाभळीच्या काट्या कोंबल्या. आता या म्हणावं.

३ मार्च
काट्या नीट रचून बाजूला ठेवलेल्या. वर मलाच सांगतात, वहिनी, तुमच्याच पायात जातील चुकून.
उद्धट माणूस.

९ मार्च
मयुरेश म्हणतो, दाव्याआधी हद्द पक्की हवी, मोजणी कर. अवश्य. अर्ज दिला. सरकारी यंत्राने एकदा रेघ ओढली की तोंड बंद.

१४ एप्रिल
मोजणीला हजर राहा, अशी नोटीस शेजाऱ्यालाही जाते. दीक्षितांना मिळाली. पहिल्यांदाच चेहरा पडलेला पाहिला. दारात येऊन म्हणाले, वहिनी, मोजणी नको. ऐका माझं, अजून थांबवा.
घाबरले! रात्री आइस्क्रीम खाल्लं.

२१ एप्रिल, दुपारी
मोजणीच्या यंत्रात बिघाड असावा. पुन्हा लावायला सांगितलं.

२१ एप्रिल, संध्याकाळी
यंत्र ठीक आहे. चुन्याची रेघ मेंदीच्या बरीच अलीकडे, माझ्या तुळशीला चाटून गेली. सोनचाफा रेघेपलीकडे. म्हणजे दीक्षित रोज स्वतःच्या जागेत येऊन स्वतःच्या झाडाची फुलं तोडत होते. ट्रेसपास कोणी करत असेल तर मी, पाण्याची झारी घेऊन.
दीक्षितांनी मान खाली घालूनच सांगितलं. झाड आमच्या यांनी लावलं, दीक्षितांच्या वडिलांना विचारून, त्यांच्याच जागेत. आमच्या आवारात ऊन पुरत नव्हतं म्हणे, आणि मला खिडकीतून चाफा हवा होता. मेंदीही मग झाडाच्या पलीकडून लावली. ठरलं असं की वास आमच्या खिडकीला, फुलं त्यांच्या देवाला. आणि आमच्या यांनी बजावून ठेवलं होतं, तिला सांगू नका, मोजणी आणेल.
इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन एक शब्द बोलले नाहीत आमचे हे.

२२ एप्रिल
मयुरेशला विचारलं, इतक्या वर्षांच्या ताब्याने जागा माझी होत नाही का? म्हणाला, परवानगीने असलेल्या ताब्याची मालकी होत नसते, आत्या. परवानगीने! मला कोणी विचारलं होतं?

३० एप्रिल
दीक्षित म्हणाले, राहू द्या की वहिनी, मेंदी आहे तिथेच असू दे. मुळीच नाही. मी कायद्याने चालणारी बाई आहे. चुन्याच्या रेघेवर तारेचं कुंपण घालून घेतलं. सोनचाफा पलीकडे गेला तर गेला. मला फुलांचं काही नाही.

४ मे, सकाळी ६.०५
नव्या कुंपणावरून मी छत्रीच्या मुठीने चाफ्याची फांदी ओढून पाहत होते. तिच्यावर कोळिष्टकं दिसत होती. दोन फुलं आपोआप हातात आली. समोर दीक्षित, परडी घेऊन. आमच्या मधे माझा बोर्ड, झाडावरच राहिलेला. त्यांनी काढला नव्हता, नुसता फिरवला होता. तोंड आता माझ्याकडे.
त्यांनी बोर्डाकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं आणि म्हणाले, जाऊ द्या वहिनी, माफ केलं.
माफ केलं? कोणाच्या परवानगीने?