खांबावरची लीसा

प्रिय वेलिबोर,

सगळ्यात आधी एक गंभीर तक्रार. ती तू नगरपालिकेचा स्वागतप्रमुख म्हणून वाचावीस, माझा कूम, म्हणजे लग्नातला साक्षीदार आणि मानलेला भाऊ, म्हणून नव्हे. तुझ्या माणसांनी माझ्या छापखान्याच्या दारासमोर सिमेंटची एक अगडबंब कुंडी आणून ठेवली आहे आणि तिच्यात कोबी लावला आहे. शोभेचा कोबी, जांभळा. मी जन्मभर पिंपात आंबवलेला कोबी पाहिला, खिम्याभोवती गुंडाळलेला पाहिला, तुझ्या लग्नात तर तुझ्या मेहुण्याच्या डोक्यावर उलटलेलाही पाहिला. पण भर जानेवारीत, बर्फात, ज्याला खायचं नाही, फक्त बघायचं, असा कोबी पाहण्याचं भाग्य तुझ्यामुळे लाभलं. त्या कुंडीपायी मला माझ्याच दुकानात अंग चोरून शिरावं लागतं, आणि चोरण्याजोगं अंग देवाने मला दिलेलं नाही. परवा एक बाई नवऱ्याचा फोटो छातीशी धरून त्याचं शोकपत्रक छापून घ्यायला आली, ती कुंडी आणि दार यांच्यामध्ये अडकली आणि रडायची थांबून हसायलाच लागली. खांबांवर लावायची शोकपत्रकं छापून पोट भरणाऱ्याच्या धंद्याला हे बरं नव्हे.

असो. सगळा युरोप आपल्या दारी हँडबॉल खेळायला येणार म्हटल्यावर एवढं सोसायलाच हवं. हमरस्त्यावरच्या इमारती तू दुसऱ्या मजल्यापर्यंत रंगवल्यास, कारण पाहुण्यांच्या बसच्या खिडकीतून तिथपर्यंतच दिसतं. तिसऱ्या मजल्यावरचे लोक अजून जुन्या राजवटीत राहतात. आम्ही हसलो, बेकरीच्या रांगेत तुझ्यावर चार विनोद झाले, विषय संपला. मग तुझ्या लक्षात आलं की भिंती रंगल्या, कोबी रंगला, पण गल्लीत कुत्रीही आहेत.

लीसाबद्दल तुला नव्याने सांगायला नको, तरी सांगतो, कारण अलीकडे तुला विसरायची सवय लागली आहे. काळी, कपाळावर पांढरा पट्टा, डाव्या कानात पिवळा बिल्ला. म्हणजे नसबंदी झालेली, लस टोचलेली, कुणाला चावत नाही असं तुझ्याच नगरपालिकेने ठरवून सोडलेली. रस्त्याखालच्या गरम पाण्याच्या नळांवरच्या झाकणावर झोपायची आणि दुकान उघडलं की आत. मी शोकपत्रकाचा मजकूर लिहून घेतो तेव्हा समोरच्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. लीसा उठायची, जवळ जाऊन उभी राहायची, आणि हात आपोआप तिच्या डोक्यावर. या शहरातल्या निम्म्या विधवांनी नवऱ्याची जन्मतारीख तिच्या कानामागे खाजवत सांगितली आहे. तूही तसाच बसला होतास. गेल्या वर्षी तुझी आई, आमची दारिन्कामावशी, गेली तेव्हा तू माझ्या स्टुलावर बसलास आणि तुला आईचं जन्मसाल आठवेना. लीसाने तुझ्या बुटावर हनुवटी टेकली. तू रडलास, आणि मी पाठ फिरवून मशिनीला तेल घालत राहिलो. त्या मशिनीला तेव्हा तेलाची गरज नव्हती.

मंगळवारी सकाळी, भट्टीतून पहिला पाव निघायच्या वेळेला, पांढरी गाडी आली. गाडीवर तुझ्या स्पर्धेचा हसरा चेंडू रंगवलेला. तारेचे फास घेऊन दोघे उतरले. मी अजून घरी होतो. पेपरच्या टपरीतली स्तामेन्का पायातल्या सपाता टाकून बर्फात धावली. "आंधळ्यांनो, हिच्या कानात बिल्ला दिसत नाही का? ही आमची आहे!" त्यातला एक म्हणाला, "मावशी, बिल्ला आहे म्हणूनच तर बरं. अशी कुत्री चावत नाहीत, काम लवकर उरकतं." स्तामेन्काने त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली, तोवर गल्लीतली सहाही कुत्री आत गेली होती. लीसा सगळ्यांत शेवटी. शेपूट हलवत गेली म्हणे. तिला वाटलं असेल, कुणाच्या तरी घरी कुणी वारलंय, म्हणून आपल्याला न्यायला आलेत.

मी तडक तुझ्या कचेरीत आलो. आठव, सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या लग्नात तू साक्षीला उभा राहिलास, माझ्या मुलीचं नाव तू ठेवलंस. वर देव आणि खाली कूम. सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, कूमाला येत नाही. इतक्या वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. ना कंत्राट, ना परवाना, ना मुलीला नोकरी. त्या दिवशी एक कुत्री मागितली. तू मला कॉफी पाजलीस, खांद्यावर हात टाकलास. "तिहोमिर, माझ्या राजा, कुत्री कुठे पळून जातायत का? जुन्या वीटभट्टीत निवारा केलाय. खाली गवत, दोन वेळचं खाणं, तुझ्यामाझ्यापेक्षा मजेत आहेत. पाहुणे गेले की घरपोच आणून सोडतो." मी म्हटलं, वेल्या, मी कूम म्हणून विचारतोय. तू म्हणालास, "मग मीही कूम म्हणूनच सांगतोय," आणि छातीवर क्रॉसची खूण केलीस. कूमाला नाही म्हणता येत नाही. खोटं सांगता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीभर हाडं घेऊन वीटभट्टीवर गेलो. राखणदार भला माणूस निघाला, त्याने आधी प्लमची दारू पुढे केली आणि मग थाप मारली. "कुत्री ना? आहेत की. आत झोपलीत." अंगणात दोन दिवसांचा बर्फ साचला होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. कुत्र्याचं नाही आणि कुत्र्याला खायला घालणाऱ्याचंही नाही. मी हाडं त्याच्याच हातात दिली, म्हटलं, सूप कर.

तरी माणूस वेडा असतो. म्हटलं, दुसरीकडे ठेवली असतील. शुक्रवारी त्या पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर, रादिशा, दुकानात आला. त्याच्या बापाला जाऊन सहा महिने होतायत, त्याचा कागद छापून हवा होता. स्टुलावर बसला आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. गुडघ्यावर ठेवले, खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. मग खिशातून निघालेलं काहीतरी त्याने माझ्यापुढे फळीवर ठेवलं. पिवळा बिल्ला. "मालक, मी नुसती गाडी चालवली." मी विचारलं, वीटभट्टीपर्यंत? त्याने बापाचा फोटो फळीवर पालथा घातला. "नाही. वीटभट्टीपर्यंत नाही."

त्याच्या बापाचा कागद मी छापून दिला. मग दार लावून घेतलं आणि गल्लीतल्या सहाही कुत्र्यांची शोकपत्रकं जुळवायला बसलो. फोटो शेजाऱ्यांनी दिले. माणसांचे मिळवणं मला कधी इतकं सोपं गेलं नव्हतं. काळी चौकट, मधोमध लीसा, कान टवकारलेले. वरच्या बाजूला आपण ख्रिश्चनाला क्रॉस घालतो, मुसलमानाला चंद्रकोर, जुन्या कम्युनिस्टाला तारा. लीसाचा धर्म मला माहीत नव्हता, म्हणून ती ज्याच्यासाठी गेली तो हसरा चेंडू घातला. खाली लिहिलं: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की आमची लाडकी लीसा युरोपच्या अल्पशा आगमनाने आम्हांस सोडून गेली. अंत्यविधी आम्हांस न कळवता उरकण्यात आला. शोकाकुल: बेकरीची रांग, पेपरची टपरी, चौथ्या मजल्यावरच्या पेन्शनरबाई, छापखाना आणि समस्त गल्ली." रविवारी लोक चर्चमधून बाहेर पडत असताना, भर उजेडात, मी आणि स्तामेन्का बादलीभर खळ घेऊन निघालो आणि क्रीडागृहापर्यंतच्या प्रत्येक खांबावर ते कागद लावले. लोकांनी टोप्या काढल्या. कुणी हसलं नाही, वेल्या. मी हसतील म्हणून तयारीत होतो.

पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. डेन्मार्कच्या पाहुण्यांना आपली लिपी वाचता येत नाही, पण काळी चौकट कुणालाही वाचता येते. ते खांबाखांबापाशी थांबून फोटो काढायला लागले. तू नगरपालिकेच्या म्हाताऱ्या ग्वोझ्देनला शिडी आणि खुरपं देऊन पाठवलंस. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "साहेब, चाळीस दिवस व्हायच्या आत मी कुणाचा कागद काढत नाही. सासूचासुद्धा नाही काढला." तू ओरडलास, "अरे गाढवा, कुत्री आहे ती!" ग्वोझ्देन म्हणाला, "सासूबद्दल मीही हेच म्हणायचो, साहेब. तरी नाही काढला." बेकरीची रांग खोकली. दुसऱ्याला पाठवलंस, त्याची पाठ धरली. तिसऱ्याच्या मुलीचं लग्न होतं, अपशकुन नको म्हणाला. या शहरात कुत्री मारायला माणसं मिळतात. मेलेल्याचा कागद फाडायला एक मिळेना. रादिशाने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. नदीपलीकडच्या वस्तीत लोकांनी आपापली कुत्री जिने चढवून घरात घेतली. सातव्या मजल्यावर एका ब्रिगेडियरच्या सोफ्यावर तीन आहेत म्हणतात, आणि तो स्वतः स्टुलावर बसतो. तिथे तुझी गाडी गेली तेव्हा पकडायला उरले होते ते नुसते कोबी.

मग बुधवारी तू स्वतः आलास. मी काचेआडून बघत होतो. पाहुण्यांची बस वळणावर होती, वेळ नव्हता, हे मला समजतं. तू हातमोजे काढलेस, बेकरीसमोरच्या खांबावरची लीसा वरच्या कोपऱ्यात धरलीस आणि ओढलीस. खळ थंडीने दगड झाली होती. शेजारच्या कागदावर बोटभर चढलेली आमची कड सुटेना, तेव्हा तू दोन्ही हातांनी हिसका दिलास आणि दोन्ही कागद एकदम आले. लीसा सबंध आली. शेजारचा कागद मधोमध फाटला. तो तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाचा होता. आदल्याच आठवड्यात मी छापून, मीच लावलेला. दारिन्कामावशीची कपाळापासून नाकापर्यंतची बाजू तुझ्या हातात, हनुवटी खांबावर. स्तामेन्का टपरीतून म्हणाली, अगदी हळू, नेहमीसारखी ओरडली नाही, "वेल्या, आईला तरी ठेवायचंस." तू कागदाची घडी करून खिशात घातलीस. बस आली, तू हात हलवलास.

लोक विचारतात, लीसाला मी मुद्दाम तिथे चिकटवलं का. नाही. खांबावर तेवढीच जागा शिल्लक होती. पण असं होईल हे मला आधी माहीत असतं, तरी मी दुसरा खांब शोधला नसता.

काल तुझी सेक्रेटरी आली. कुंडीपाशी अडकली, सुटली, आणि म्हणाली, शनिवारी वर्षश्राद्धाचे उकडलेले गहू कबरीवर न्यायचेत, त्याआधी साहेबांच्या आईचं पत्रक पुन्हा लागायला हवं, मजकूर तोच, घाई आहे. म्हणून हे पत्र. पत्रक तयार आहे. फोटो मी बदलला. मूळचा तुझ्या खिशात आहे. अंगणातल्या प्लमच्या झाडाखाली मावशी दुधाची वाटी असावी तशी दारूची पेली धरून हसते आहे, तो घेतला. मजकूर मात्र अगदी तोच नाही. शोकाकुल म्हणून तुझी बहीण आहे, दोन्ही नातू आहेत, बेकरीची रांग आहे, स्तामेन्का आहे, माझी बायको आणि मी आहोत. तुझं नाव नाही. मी तीनदा तपासलं. हा मुद्रणदोष नव्हे, तेव्हा दुरुस्तीला कुणाला पाठवू नकोस. आणि दुसऱ्या छापखान्यात जाऊन नवा छापून घ्यायचा विचार असेल तर खुशाल घे. फक्त तो लावायच्या आधी खांबावरचा हा काढावा लागेल, आणि ते काम या शहरात एकच माणूस करतो. सेक्रेटरीने बिलाचं विचारलं. बिल नाही. नऊ वर्षांपूर्वी बाजारात खोक्यात टाकलेलं लीसाचं पिल्लू मी उचलून आणलं तेव्हा तुझ्या आईने त्या खोक्यात अंथरायला आपली लोकरीची शाल काढून दिली होती. नवी आणून देतो, देतो म्हणत मी ती कधीच दिली नाही. आज सकाळी बेकरीसमोरच्या खांबावर मावशीचा कागद लावला, ताजी खळ, चारही कोपरे अंगठ्याने नीट दाबले, आणि वाऱ्याने कागद फडफडू नये म्हणून त्याच्या खालच्या कडेवरून खांबाला नवी लोकरीची शाल गुंडाळून गाठ मारली.

तुझाच, कारण कूम बदलता येत नाही,
तिहोमिर