परग्रहावरच्या राक्षसाचं वजन

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (नुसता लिहिलाय. खरा घातला तर कंबर परत सरळ व्हायला तासभर लागतो.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीनं दात काढला का, की अजून गाल धरूनच बसली आहे? काढून टाक म्हणावं. हलता दात आणि रेंगाळणारा पाहुणा, दोघांनाही धरून ठेवू नये. आम्ही इकडे मागच्या महिन्यात ठीक होतो, मधे पंधरा दिवस नव्हतो, आता परत आहोत. ते मधले पंधरा दिवस सांगायला हे पत्र. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन दुकानात आणि दुकानात तुझे मेहुणे. त्यांचे कान म्हणजे सोनाराचा काटा, गुंजभर बोलणं सुटत नाही. म्हणून लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका दिसल्या तर गिळ.

आमच्या थोरलीनं मुलगा पसंत केलाय हे तुला माहीत आहे. मुलगा उंच, बारीक, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान कासवासारखी पुढे आलेली. सिनेमात काम करतो असं ती म्हणाली. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी चहा द्यायच्या आधी विचारलं, सिनेमात म्हणजे काय, नाचतोस का? तर म्हणाला, नाही काकू, मी पाय करतो. म्हटलं कोणाचे पाय? म्हणाला, राक्षसाचे. पुढचे दोन. मागचे दुसरा मुलगा करतो. आता सांग, जावई काय करतात असं शेजारणीनं विचारलं तर मी काय तोंडानं सांगू? शेपटीला तर म्हणे चार माणसं आहेत, आणि त्यांचा वेगळा साहेब.

पण हा राक्षस म्हणजे तोच निघाला रे, परग्रहावरून येणारा! आपल्या लहानपणी जो सिनेमा आला होता तोच आता नव्यानं काढलाय आणि हा मुलगा त्यात पाय करत होता. हे ऐकलं आणि तुझे मेहुणे खुर्चीतून उठून त्याच्या गळ्यातच पडले. (माझ्या गळ्यात एकदाही पडले नाहीत, तीस वर्षांत.) कारण तो जुना सिनेमा त्यांनी अकरा वेळा पाहिलाय. त्यात एक जागा आहे. म्हातारा शास्त्रज्ञ राक्षसाला फसवत फसवत ट्रक तोलायच्या मोठ्या वजनकाट्यावर आणतो. राक्षस पाय ठेवतो, काट्याचा फलाट खाली दबतो, फटीतून धूळ उडते आणि भिंतीवरच्या गोल तबकडीतली सुई गरागरा फिरून तुटून पडते. तेवढं बघून ह्यांनी दहाव्या वर्षी ठरवलं की आपण मोठेपणी वजनकाटे दुरुस्त करायचे. लोकांची पोरं सिनेमा बघून नट व्हायला पळतात. आमचे हे पाना घेऊन पळाले. म्हणून आज मी दुकानात दुसऱ्यांच्या काट्यांची पारडी घासत बसते. त्या राक्षसाचा माझ्या आयुष्याशी असा संबंध आहे, आणि मी त्याला कधी माफ केलेलं नाही.

तर मला वाटलं, चला, लग्न ठरलं. मुलाला सिनेमाची फुकट तिकिटं होती, चांगली मधल्या रांगेतली. चौघं गेलो. दादा, खरं सांगते, जुन्याशी तोलून बघितलं तर नवा सिनेमा फार मोठा आहे. सगळंच मोठं. जुन्यात एक शास्त्रज्ञ होता, त्याला सगळं एकट्याला कळायचं. नव्यात नऊ आहेत, तरी कोणालाच काही कळत नाही आणि नऊच्या नऊ जणांना घरचं दुःख आहे. एकाचं बापाशी पटत नाही, एकीला नवऱ्यानं सोडलंय. बाहेर राक्षस पूल खातोय आणि ही बाई खिडकीत उभी राहून नवऱ्याचं सांगतेय! मी मोठ्यानं म्हटलं, अगं बाई, आधी खाली उतर. जुन्या राक्षसाच्या पाठीला चेन दिसायची, आतला माणूस वाकला की मानेशी सुरकुती पडायची आणि शहर पुठ्ठ्याचं होतं हे मलासुद्धा कळायचं. नव्याचा खवला न् खवला वेगळा, लाळ गळते तीसुद्धा हिशोबात. जुना सिनेमा दीड तासात संपायचा, राक्षस मरायचा, आपण घरी. हा तीन तास चालला, राक्षस मेला नाहीच, वर अंडं घालून गेला. म्हणजे अजून एक येणार. आवाज एवढा की माझ्या खुर्चीचा स्क्रू ढिला झाला. (तो तिथेच पर्समधल्या पान्यानं आवळला, घरी येऊन कानातल्याचाही. काटेवाल्याच्या बायकोच्या पर्समध्ये दुसरं काय असणार?)

आणि मग ती जागा आली. तोच वजनकाटा, मोठा, चकचकीत, सुईच्या जागी लाल आकडे. राक्षसानं पुढचा पाय ठेवला. मुलानं हळूच थोरलीचा हात धरला, कारण ते त्याचं आठ महिन्यांचं काम. आणि भर अंधारात तुझे मेहुणे उभे राहिले आणि ओरडले, “फलाट दबला नाही!”

मागचे लोक बसा बसा म्हणतायत, मी सदरा ओढतेय, पण हे खाली बसायला तयार नाहीत. “अहो, एवढा डोंगर चढला आणि फलाट केसभर खाली गेला नाही! आकडे नुसते धावतायत!” शेवटी बॅटरीवाला आला आणि आमच्यावर उजेड मारून उभा राहिला.

बाहेर आलो तर मुलगा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, काका, तो दुसऱ्या ग्रहावरचा आहे, त्याचं वजन आपल्यासारखं नसतं. हे म्हणाले, काटा तर आपल्याच ग्रहावरचा आहे ना? आठ महिने पाय केलास आणि जमिनीला पत्ता नाही! झालं. मुलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाला, तुमच्या जुन्या सिनेमात तरी काय होतं? ती सुई कोणीतरी वरून धाग्यानं ओढून फिरवली होती, आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात.

दादा, त्यानं ह्यांना शिवी दिली असती तर परवडली असती. हे घरापर्यंत चालत आले, आमच्या चार पावलं पुढे. दारात चपला काढताना एवढंच म्हणाले, ज्याला वजन कळत नाही त्याच्या घरात मुलगी देणार नाही. थोरली म्हणाली, “मी काय सिमेंटचं पोतं आहे का, त्यानं तोलून न्यायला?” आणि खोलीचं दार आपटलं. तिकडे मुलगाही हटून बसला, काकांनी आधी माझ्या कामाला नावं ठेवली म्हणून. एका राक्षसापायी माझ्या घरात तीन झाले.

पंधरा दिवस असे गेले. बाप जेवायला बसला की लेक उठणार, लेक बसली की बापाला दुकानातलं काम आठवणार. थोरली रडत नाही, तुला माहीत आहे, ती भांडी घासते. घासलेली परत घासते. दुसऱ्या आठवड्यात पातेल्याच्या बुडातून उजेड दिसेल अशी भीती वाटायला लागली. मी ह्यांना म्हटलं, अहो, खोट्या राक्षसापायी खऱ्या मुलीचं वाटोळं करताय. तर म्हणे, प्रश्न राक्षसाचा नाही, खरेपणाचा आहे. आपला तो बाब्या, दुसरं काय! ह्यांच्या राक्षसाच्या पाठीला हातभर चेन, ती चालते.

मला थांबता येत नाही, माझा स्वभाव तू जाणतोस. मी त्या मुलाला फोन करून सांगितलं, उद्या दुपारी दुकानात ये, कॉम्प्युटर घेऊन ये आणि जेवून ये, मी काही करणार नाही. जुन्या सिनेमाची आमच्याकडे सीडी आहे, पावसात भिजल्यासारखी दिसते, सगळीकडे रेघाच रेघा. दुकानाच्या मागच्या खोलीत, दुरुस्तीला आलेल्या काट्यांच्या मधे, दोघांना स्टुलावर बसवलं आणि दाराशी मी उभी राहिले. म्हटलं, धागा आहे की नाही बघा आणि विषय संपवा. मला पारडी घासायची आहेत.

ती जागा आली. मुलानं चित्र थांबवलं. ह्यांनी काट्याची दांडी ज्या पात्यावर झुलते त्याची धार तपासायचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि नाक पडद्याला टेकवलं. आणि दादा, मी त्यांचा चेहरा बघितला. सुईच्या टोकापासून सरळ वर, बारीक पांढरी रेघ. मला दाराशी चष्म्याशिवाय दिसली. पंचावन्न वर्षांचा माणूस पाच मिनिटांत दहा वर्षांच्या पोरासारखा दिसायला लागला, खेळणं फुटल्यासारखा.

मुलगाही वाकला. बराच वेळ बघत राहिला. मी मनात म्हटलं, आता हा जिंकला, आता बोलेल आणि लग्न मोडेल. तर तो म्हणाला, “काका, धागा नाही हा. रिळाला पडलेला ओरखडा आहे. माझंच चुकलं.”

ह्यांनी भिंग पुसून डबीत ठेवलं आणि मला म्हणाले, “त्याला चहा दे. साखर विचारून घाल.” मग चहा पिता पिता दोघांनी मलाच विचारलं, तू सांग, जुना चांगला की नवा? मी सांगितलं. आमच्या दुकानात रोज माणसं काट्यावर चढतात. चपला काढतात, श्वास धरतात, पोट आत घेतात आणि चोरून खाली बघतात. जुना राक्षस काट्यावर पाय ठेवायच्या आधी तसाच खाली बघतो, बिचारा. आतल्या माणसाला पायरी दिसत नसेल, ते जाऊ दे. पण मला तेव्हा त्याची दया येते. तुझा नवा राक्षस फोटो काढायला उभा राहिल्यासारखा चढतो. वजन करताना ज्याला लाज वाटत नाही तो कसला जिवंत? मुलानं ते वहीत लिहून घेतलं. चौथी शिकलेल्या बाईचं कोणी लिहून घेतलं, हे पहिल्यांदाच.

संध्याकाळी दुकान बंद करताना हे म्हणाले, मुलगा चांगला आहे. म्हटलं, आता काय झालं? म्हणाले, अगं, धागाच होता तो. मला दिसला, त्याच्या कोवळ्या डोळ्यांना दिसला नसेल? तरी ओरखडा म्हणाला. माझं मन राखलं त्यानं. मग कुलूप लावलं, ओढून बघितलं. म्हणाले, जन्मभर दुसऱ्याच्या पारड्याला चोरून कोण बोट लावतंय ते बघत आलो. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूनं बोट लावलं. असा माणूस मुलीला जपेल. फलाटाचं मी विसरायला तयार आहे.

तर असं ठरलं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी लग्न आहे. थोरलीनं भांडी घासायचं थांबवलं. तू आणि वहिनी आठ दिवस आधी या, दात काढून या.

तुझी,
धाकटी

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलं. तुझ्याकडच्या मोठ्या दुकानात त्या जुन्या सिनेमाची धुऊन-पुसून स्वच्छ केलेली नवी प्रत आलीय असं ह्यांना कळलंय. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पाहुण्यांना जेवणाआधी मोठ्या पडद्यावर दाखवायची म्हणतायत. ती प्रत घे असं तुला सांगतील. घेऊ नकोस. संपली म्हण, दुकान बंद पडलं म्हण, काय वाटेल ते म्हण.

ता. क. दुसरा – कारण विचारशील म्हणून लिहिते, वाचून पत्र फाडून टाक. थोरलीनं परवा मला हसत हसत सांगितलं. त्या मुलानं ऑफिसात जाऊन ती स्वच्छ प्रत मुद्दाम बघितली. धुण्या-पुसण्यात ओरखडा जातो, धागा असता तर राहिला असता. धागाबिगा काही नाही. खरंच ओरखडा होता. त्यानं ह्यांचं मनबिन काही राखलं नव्हतं, जे दिसलं ते बोलला. आता ह्यांना हे कळलं की मुलगा नुसता खरा निघतो, आणि फलाट न दबल्याचं मग परत वर येतं. तेव्हा दादा, एवढं एक खोटं तू बोल. ह्या लग्नाला एका खोट्याची गरज आहे, आणि जावई तर खरं बोलून बसलाय.