दोनशे बारा नंबर

३ मार्च
नोटीस लागली! सैनिकी दफनभूमी रिकामी करणार, तिथे पाण्याची टाकी बांधणार. नातेवाइकांनी पंधरा दिवसांत अर्ज करून अस्थी न्याव्यात. ज्यांचं कोणी येणार नाही, ते सगळे एका खड्ड्यात.
"हरलेल्यांसाठी नोटीस तरी लावली, खूप झालं," शेजारचा शिंपी म्हणाला. तो जिंकलेल्यांच्या बाजूने लढला होता. वाईट मनाने नाही म्हणाला.

४ मार्च
वहिनी सकाळपासून खोली आवरतेय. "वन्सं, हे घरी यायचे म्हणजे कुठे धूळ नको." जसा काही दादा सुट्टीवर येतोय! एकतीस वर्षांत तिची एवढी लगबग पाहिली नव्हती. पांढरी चादर काढली, इस्त्री केली, पुन्हा उलगडली, पुन्हा इस्त्री केली.
मला जेवण गेलं नाही.

७ मार्च
नगरपालिकेत अर्ज दिला. 'मृताशी नातं' या रकान्यात 'सख्खी बहीण' लिहिताना हात अडला. कारकुनाला वाटलं शाई संपली. बिचाऱ्याने स्वतःचं पेन दिलं.

८ मार्च
इथे तरी लिहूनच टाकते.
दोनशे बारा नंबरची कबर दादाची आहे की नाही, मला माहीत नाही. कधीच नव्हतं.
युद्ध संपल्यावर जिंकलेल्यांनी तिथले दगड फोडले, नावांची यादी जाळली. उरले फक्त नंबरांचे लोखंडी खुंटे. दादाला तिथेच पुरलंय, एवढंच आम्हाला कळलं होतं. वहिनी तेव्हा बावीस वर्षांची. अन्न सोडलं होतं तिने, भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी पोस्टात कामाला होते. एक दिवस घरी येऊन सांगितलं— "आतल्या माणसाकडून नंबर काढलाय. दोनशे बारा." कुंपणाजवळची कबर निवडली, कारण तिथे बसायला सावली होती. एवढंच कारण!
त्या दिवशी ती जेवली.
मग दर रविवारी आम्ही दोघी. ती गवत काढायची, त्याच्याशी बोलत बसायची. मी ऐकायचे. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता केस पिकले.

११ मार्च
नाही सांगितलं.

१२ मार्च
आज खोदलं. खोदणारा म्हातारा फार हळुवार हाताचा— शेवटची माती त्याने फावडं ठेवून बोटांनीच काढली.
दादा सहा फुटांच्या वर. प्रत्येक दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागायची. खड्ड्यातला माणूस जेमतेम माझ्याएवढा. ओळखायला डॉक्टर नको होता.
वहिनी बराच वेळ बघत राहिली. मग तिने चादर पसरली. "सावकाश ठेवा," म्हाताऱ्याला म्हणाली.
परतताना टेम्पोत अस्थींची पेटी तिच्या मांडीवर.

१३ मार्च
सांगितलं. सगळं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.
"काल खड्ड्यापाशीच कळलं मला."
"मग आणलंस कशाला?"
"असं उघड्यावर टाकून यायचं? आणि वन्सं, एकतीस वर्षं सगळं ह्यालाच सांगितलंय मी. ह्यांना माझी साखर वाढल्याचंसुद्धा ठाऊक नाही. ह्याला आहे."
मला हसू फुटलं. तिला नाही.
"पण तुम्ही खोटं बोललात माझ्याशी," म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

१५ मार्च
बोलत नाही. जेवायला मात्र वाढते.

१८ मार्च
मुदत संपली. उरलेल्यांना एका मोठ्या खड्ड्यात ठेवायला आज सुरुवात झाली. दादा त्यांच्यातच कुठेतरी. गेलो दोघी, न ठरवता. वहिनीने ओंजळभर माती टाकली. मग दुसरी ओंजळ भरली आणि माझ्या हातात दिली.
"तुम्ही तो नंबर सांगितला नसता तर मी तेव्हाच गेले असते, वन्सं," एवढंच म्हणाली.

१९ मार्च
दुपारी एक बाई आली, लांबच्या गावाहून. नोटिशीचं तिला उशिरा कळलं. कारकुनाने पत्ता दिला म्हणे. दोनशे बारा तिचा भाऊ! सोबत्यांनीच पुरलं होतं, नंबर कळवला होता. लांबच्या प्रवासामुळे ती एकदाच येऊन गेली. तेव्हा कबर स्वच्छ दिसली. "कोण काढायचं हो गवत?"
वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "आम्ही दोघी," म्हणाली. आत गेली, पेटी आणून बाईच्या हातात दिली.
जाताना बाईने त्याचं नाव सांगितलं. वहिनीने ते दोनदा म्हणून पाहिलं.