पट्ट्याचे कारण माझ्या नावे लिहून मिळणेबाबत

प्रति,
मा. कापड तपासणी अधिकारी,
सुती विणाई चाचणी कार्यालय,
तिरुप्पूर.

विषय : निळ्या सुती कापडावरील आडव्या पट्ट्यांस माझा निष्काळजीपणा कारण असल्याची नोंद होणेबाबत.
संदर्भ : आमच्या मालकांनी आपल्याकडे तपासणीस पाठवलेला तुकडा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी गोल विणाईच्या मशीनवर कामाला आहे. सदर कापड मशीनवरून उतरले तेव्हा पांढरे स्वच्छ होते. रंगाईतून आले तेव्हा त्यावर ठरावीक अंतराने फिकट पट्टा दिसू लागला. असे का होते हे आपणांस सांगणे आगाऊपणाचे होईल. कापूस कच्चा असला, सुताचा ताण कमीजास्त झाला, किंवा एका लॉटमध्ये दुसऱ्या लॉटचा एखादा कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेले सूत, चढला, तर रंग सारखा बसत नाही.

मालकांना शेवटच्या कारणाचा संशय आला. त्यांनी आम्हां सर्वांना मारियम्मन देवीच्या देवळात नेले. "कापूर विझवून बोला, परका कोन कुणी लावला?" जळत्या कापरावर हात मारून खोटे बोलणाऱ्याचे घर बसते, हे इकडे लहान मूलही जाणते. मी बेधडक पुढे झालो. माझी मुलगी पूंगोडी आमच्याच कारखान्यात शिलाईला आहे. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "माझ्या मशीनवर परका कोन चढलेला नाही," आणि कापूर विझवला.

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. तापातच म्हणाली, "अप्पा, गेल्या वर्षीच्या आयुधपूजेला पुजलेला कोन मीच लावला हो. वरचं कुंकवाचं सूत काढून टाकलं होतं. तुमचं मशीन बरं चालावं म्हणून."

आता तिच्या पाठीवर आडवे पट्टे उठले आहेत. डॉक्टर म्हणतात, चटईचे वळ आहेत. बायकोने चटई काढून मऊ लुगडे अंथरले. तरी पट्टे वाढतच आहेत, आणि तेही सारख्या अंतराने.

सबब विनंती की, सुताचा ताण मी सैल सोडला असे अहवालात लिहावे. नोकरी जाईल ती जावो. परका कोन नव्हता, हे देवीसमोर बोललो तेच सरकारी कागदावर आले, तर कदाचित देवीही ते खरे धरील. खरे कारण लिहिलेत तर मी खोटा ठरेन आणि भोगील माझी पोर. साहेब, मला फार भीती वाटते.

अहवाल तयार असल्यास कृपया अजून सही करू नये.

आपल्या सहीच्या धास्तीत असलेला,
नल्लमुत्तु
विणाई कामगार

दिनांक : आयुधपूजेनंतरचा तिसरा शुक्रवार

सोबत :
१. ताण सैल सोडल्याचा माझा सहीचा जबाब.
२. डॉक्टरांची चिठ्ठी.
३. त्या कोनाचे उरलेले सूत जोडता आले नाही. पूंगोडी ते मुठीतून सोडत नाही.