पप्पांचा कोट, माझी जीन्स

रवि. २ नोव्हें.
मृतांचा दिवस. पप्पांच्या कबरीवर झेंडू, मेणबत्त्या. वाऱ्याने विझत होत्या. लवीना पुन्हा पुन्हा लावत राहिली. दुसऱ्या कुणाला जमतंय यावर माझ्या बहिणीचा विश्वास नाही.
घरी आल्यावर आईने दरवर्षीसारखा कोट उन्हात टांगला, चिकूच्या फांदीला. पप्पांच्या लग्नाच्या सुटाचा, निळा. पँट त्यांच्याबरोबर गेली. आमच्या गिरीज गावात लग्नाचा सूट शेवटच्या दिवसासाठी जपून ठेवतात. पण शेवटी पप्पा इतके सुजले की कोट चढेना. शवपेटीवाला म्हणाला, मागून कापू, कुणाला दिसतंय? आई म्हणाली, "कात्री नाय लावायची." पप्पा नुसत्या पांढऱ्या शर्टात गेले.
आज वाटलं, जाऊन मिठी मारावी त्या कोटाला. शेजारी ओट्यावर बसले होते. राहिलं.

बुध. ५ नोव्हें.
लवीनाचा साखरपुडा ठरला, नाताळनंतरचा रविवार. मुलाकडच्यांचं फर्मान: स्मार्ट कॅज्युअल. म्हणजे वर कोट, खाली जीन्स, टाय नाही. मी वालीवच्या कारखान्यात आठवड्याचे सहा दिवस कंपनीचा टी-शर्ट घालणारा माणूस. दुकानात एक जॅकेट चढवून पाहिलं. हॉलचा मॅनेजर दिसत होतो.
डोक्यात तो निळाच.

रवि. १६ नोव्हें.
चर्चमधून मिस्सा करून आल्यावर आई भाजी निवडत होती, तेव्हा विचारलं.
"पँट कुठंय त्याची?" जसं काही तिला माहीत नाही.
म्हटलं, जीन्सवर घालेन.
"पप्पाने उभ्या जन्मात जीन्स घातली नाय." थोड्या वेळाने स्वतःच आणून हातात दिला. तोंड मात्र भाजीकडे.
फिकट जीन्सवर घातला. लवीना म्हणाली, "वर पप्पा, खाली तू." तिघंही हसलो. आई आधी थांबली.
मग गडद, काळपट निळी जीन्स, तपकिरी बूट. हे जमलं. कापड लोकरीचं, जाडंभरडं, म्हणून शोभतं. चकचकीत असतं तर पँट हरवल्यासारखं दिसलं असतं. पण खांदे उतरतात, बाह्या बोटांपर्यंत, लांबी तर विचारू नका. केवढा रुंद माणूस होता.

शनि. २२ नोव्हें.
टेलरकडे. आई पण आली, न बोलावता. मास्तरने टाचण्या लावल्या, मग कोट उलटा करून अस्तरावर खडूने रेघा ओढल्या: खांदे, बाह्या, खालून लांबी. "हा चर्चमध्ये घालायचा कोट, दादा. जीन्सवर आखूडच पाहिजे. पण एकदा कापला की परत नाय हां."
कात्री उचलली मात्र, आईने कोट टेबलावरून ओढला आणि थेट रिक्षात जाऊन बसली. मास्तर माझ्याकडे बघतोय, मी मास्तरकडे.
मीही मागोमाग बसलो. गावाकडच्या वाड्या सुरू झाल्यावर म्हणाली, "तेव्हा कापू दिला असता, तर पप्पाच्या अंगावर गेला असता."
इतकी वर्षं हे घेऊन बसली होती. हात धरला.

बुध. ३ डिसें.
कोटाचा विषय बंद. लवीना म्हणते, ऑनलाइन मागव, किती नाटकं. पाहिले पाच-सहा, फोन ठेवून दिला.
मला जॅकेट नकोच आहे. त्या हॉलमध्ये पप्पा उभे हवेत मला. झालं, लिहून टाकलं.

रवि. २८ डिसें.
सकाळी खाटेवर पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. शेजारी कोट. बाह्या आत दुमडून आईने कच्चा टाका घातलेला, ओढला की सुटेल असा. खांदे तसेच, पप्पांचे. मी तसाच अंगात घातला.
लवीनाने पाहिलं आणि तिचा मेकअप गेला. वर मलाच ओरडली.
हॉलवर मुलाचा काका: "जरा मोठा होतोय का?" म्हटलं, वडिलांचा आहे.
फोटोत आई माझ्या डाव्या बाजूला. पूर्ण वेळ बाही धरून उभी.

शनि. ३ जाने.
लवीनाचं लग्न मे महिन्यात. मी काय घालणार, हा प्रश्न आहेच.
आईने टाके उसवले, कोट उलटा करून ब्रश केला, उन्हात टांगला. संध्याकाळी आत आणायला गेलो. अस्तर झकास साफ. मास्तरच्या खडूच्या रेघा मात्र जशाच्या तशा. त्यांच्या कडेकडेने ब्रश फिरवलेला.
"आई, रेघा राहिल्या."
"राहू दे," म्हणाली, आणि कोट माझ्या हातातून न घेता आत गेली.