सतरा सामन्यांत तीन गोल

कोचकोर, ता. ६ सप्टेंबर २००३

चि. मेलिस यास तुरदुबेकचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझी वहिनी गुडघ्यानं बेजार आहे, घोडी व्याली, गवत कापून झालं. तू बिश्केकला त्या संघाचा दुय्यम प्रशिक्षक झाल्यापासून भावाला चार ओळी लिहायला तुला सवड नाही. मोठी माणसं तुम्ही, आम्ही काय बोलणार!

आता मुद्द्याचं. आमचे दिवटे चिरंजीव तुझ्या हाताखाली खेळतात. पेपरात छापून आलंय : कुबात, आघाडीचा खेळाडू, सामने सतरा, गोल तीन. तीन! अरे, गोलासमोर नुसता डोळे मिटून उभा राहिला असता तरी चेंडू अंगाला लागून चार वेळा आत गेला असता. मी एका मोसमात एकेचाळीस मारले होते. गोलामागे गाव एक मेंढा द्यायचं, मेंढवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. या हिशेबानं चिरंजीवांचे तीन मेंढे, त्यातला एक लंगडा. चहाखान्यात लोक मुद्दाम विचारतात, की तुरदुबेक, पोराचे किती झाले? मी पावसापाण्याचं काढतो.

परवा तो मेजवानीला आला, तेव्हा मांस वाटताना मी त्याला मानाचं हाडूक दिलं नाही, पोराटोरांच्या ताटातलं दिलं. बावीस वर्षांचा घोडा, निमूट खाल्लं. लाज असती तर उठून गेला असता. तू त्याला फार डोक्यावर चढवू नकोस. तब्येतीला जप.

तुझा,
तुरदुबेक


बिश्केक, ता. १५ सप्टेंबर

ती. दादास, मेलिसचा सलाम वि. वि.

वहिनींच्या गुडघ्याचं मलम कोचकोरच्या गाडीवाल्याकडे दिलंय. रात्री लावून वर लोकरीचं फडकं बांधायला सांगा.

दादा, तुम्ही पेपर वाचलात, सामना एक तरी पाहिलात का? पेपरवाला अर्ध्या वेळेला निघून जातो आणि उरलेलं आमच्या चौकीदाराला फोनवर विचारतो. कुबात काय करतो, ऐका. तो कडेला पळतो, बचावाचे दोघं भुतानं झपाटल्यासारखे त्याच्यामागे जातात आणि मधलं रान मोकळं पडतं. तिथं आमचा रुस्तम हात हलवत येतो आणि चहात साखर टाकावी तसा चेंडू आत टाकतो. रुस्तमचे चौदा झाले. पोरी त्याच्या सह्या घेतात.

आमचे मालक टायर विकून वर आलेत. त्यांनी कपडे बदलायच्या खोलीत एक फळा लावलाय : नाव आणि गोल, बस्स. गोल कुणामुळे झाला तेही लिहावं, असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, की धावायचे पैसे मी देत नाही, धावतं तर गाढवही. महिनाअखेर ते एकाला काढणार आहेत. कुबातचं नाव तळाला आहे.

तुमची कीर्ती त्यांनी ऐकलीय. ते तुमचं मत पत्रानं मागणार आहेत, आणि वडीलधाऱ्याचा शब्द त्यांना माझ्यापेक्षा जड. हात जोडतो, दोन बऱ्या ओळी लिहा. पोराला खेळाशिवाय दुसरं काही येत नाही आणि नकोही आहे. आणि तुमच्या त्या एकेचाळीसच्या वर्षी शेजारून कोण धावत होतं, तेही जरा आठवा. माझे गोल दोन होते.

माया असू द्यावी.

आपला,
मेलिस


कोचकोर, ता. २६ सप्टेंबर

चि. मेलिस यास आशीर्वाद.

मलम पोचलं. वास भयंकर आहे, पण गुण आला.

तुझ्या मालकांचं पत्र आलं. माणूस जाणता दिसतो. उगाच शब्दांचे फुगे नाहीत, आकडा मांडतो आणि निकाल विचारतो. मीही खरं तेच लिहिलं. तीन गोलांचा आघाडीवीर म्हणजे भाकड गाय, माझा मुलगा म्हणून तिला चारा घालू नका, घरी पाठवा, मेंढरं तरी राखील.

तू शेजारून धावत होतास म्हणे. धावला असशील. घोड्याबरोबर कुत्रंही धावतं. मेंढे कुणाच्या दारात बांधले, ते गावाला विचार.

कुबातला सांग, बर्फ पडायच्या आत ये म्हणून. त्याची खोली सारवून घेतली आहे, आणि त्याच्या आईनं नवी रजई भरली आहे.

तुझा,
तुरदुबेक


बिश्केक, ता. २० ऑक्टोबर

दादा,

आज आधी सलाम लिहिण्याइतकं मन मोठं नाही.

तुमचं पत्र मालकांनी सगळ्या संघासमोर मोठ्यानं वाचलं आणि फळ्याखाली चिकटवलं. पोरं खो खो हसली. एकानं गाईसारखं हंबरून दाखवलं. कुबातनं बूट पिशवीत भरले, वयानं मोठ्यापासून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवला, माझ्याशीसुद्धा, आणि गेला. मी तोंड उघडलं नाही. थोरल्या भावाचं लिहिणं चारचौघांत खोटं पाडायचं नसतं, हे आपल्या घरचं वळण. मला माझीच किळस आली.

त्यानंतर तीन सामने झाले. रुस्तमचा एकही गोल नाही. आता ते दोघं त्याच्या मानेवर बसलेले असतात आणि तो मधोमध उभा राहून हात वर करतो. मालक मला विचारतात, की कुबात कुठे आहे, परत बोलवा. तो कारा-बाल्ताच्या छोट्या संघात लागलाय. परत येणार नाही म्हणाला. घरीही येणार नाही म्हणाला.

तुमच्या त्या एकेचाळीस गोलांवर मी थुंकतो. वहिनींना सलाम.

मेलिस


कोचकोर, ता. ९ नोव्हेंबर

चि. मेलिस यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. थुंकलास, तेही पोचलं.

मी कारा-बाल्ताला जाऊन आलो. कुबातला कळवलं नव्हतं. सगळा सामना मी एकट्या त्याच्याकडे बघत बसलो, चेंडूकडे नाही. तू लिहिलंस तसंच आहे. दोघं जण त्याच्यामागे ओढल्यासारखे जातात. माझ्या शेजारी एक गावंढळ सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. तो म्हणाला, की हा नऊ नंबरवाला बिनकामाचा आहे. मी म्हटलं, डोळे फुटले का तुझे, बघ त्या दोघांना कुठे नेऊन सोडलंय त्यानं! त्यानं विचारलं, की मग याचे गोल किती? मी म्हटलं, इथे अजून एकही नाही. अख्खी रांग हसली. मी त्याची गचांडी धरणार होतो, पण तो जे बोलला ते सगळं मीच आधी बोलून बसलोय.

त्यांचा संघ दोन गोलांनी जिंकला. लोकांनी दुसऱ्याच पोराला खांद्यावर घेतलं.

मी फाटकाशी थांबलो. कुबात पिशवी घेऊन आला आणि मला बघून थबकला. मग छातीवर हात ठेवून वाकला. तब्येत बरी आहे ना, वाटेत त्रास नाही ना झाला, परतीची गाडी मिळेल ना, सगळं रीतसर विचारलं. अदबीत बोट ठेवायला जागा नाही. फक्त मला आक्साकाल म्हणाला. वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्याला आपण म्हणतो तसं. बाबा म्हणाला नाही.

मग तो गाडीत बसला. तुझ्या वहिनीला मी सांगितलंय, की भेट झाली नाही. तिनं विचारलं तर तूही तेच सांग. माझ्यावर उरला असेल तेवढा लोभ असू दे.

तुझा,
तुरदुबेक